नऊ नंबरचं युफोनियम

आमच्या बँडमधल्या नऊ नंबरच्या युफोनियमला तोंडाचा कर्करोग होऊ घातलाय, असं एका मंगळवारी सकाळी माझ्या फोनवर आलं.

वाद्यांना कर्करोग होत नाही, एवढं विज्ञान मला येतं. त्याच जोरावर मला पुण्यात नोकरी मिळाली होती.

तासगावचा 'नवरंग ब्रास बँड' माझ्या वडलांचा, म्हणजे रंगराव आवळ्यांचा. सगळे त्यांना आबा म्हणतात. माझं नाव ते सनई ठेवणार होते. आईनं दोन दिवस जेवण सोडलं, आणि तडजोड म्हणून मी स्वरूपा झाले. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरवर कायद्यानं बंदी आल्याला आता सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून पितळी बँडला पुन्हा बरे दिवस आलेत. नवरदेव हल्ली भाड्याच्या यांत्रिक घोड्यावर बसतो. हा घोडा लाथा मारत नाही, पण चार्जिंग संपलं की भर चौकात मांडी घालून बसतो. तो उठेपर्यंत आबांची माणसं एकच गाणं चाळीस चाळीस मिनिटं वाजवतात. त्यामुळं थुंकी भरपूर.

थुंकी हे माझं काम. आमची कंपनी टपालाच्या तिकिटाएवढी एक पारदर्शक पट्टी बनवते. तिच्यात केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या असतात. इतक्या अरुंद जागेत द्रव खळखळत नाही, भोवरे घेत नाही, प्रार्थनेहून वर्गात जाणाऱ्या पोरांसारखा शिस्तीत सरकतो. पंप लागत नाही. टीपकागद शाई ओढतो तशी नळीच थेंब ओढून घेते. वाटेत नळीच्या भिंतींवर रेणूंचे हुक चिकटवलेले असतात. लग्नाच्या मांडवाच्या दारात उभं राहून पाचशे पाहुण्यांतून नेमका मुलीचा मामा शोधणारा माणूस असतो ना, तसा एकेक हुक एकाच प्रथिनाला ओळखतो आणि बाकीच्यांना जाऊ देतो. मामा अडकला की खालच्या सोन्याच्या तारेतला विद्युतप्रवाह किंचित बदलतो, आणि पट्टी ते फोनवर कळवते.

तोंडातल्या पेशी बिघडू लागल्या की डॉक्टरला काही दिसायच्या आधीच त्या थुंकीत काही प्रथिनं सोडतात. आम्ही तीन प्रथिनं शोधत होतो. तिन्ही एकदम आणि सतत वाढत गेली, तर माणसानं तपासून घ्यावं. पट्टी निदान करत नाही, चाहूल देते.

अडचण एकच होती. आपली माणसं रस्त्यावर मोकळेपणानं थुंकतात, पण नळी पुढं धरली की त्यांचं तोंड कोरडं पडतं. दोन महिने मी कोरड्या तोंडांसमोर बसून काढले. मग मला घरचा बँड आठवला. फुंकून वाजवायच्या वाद्यात खालच्या वळणावर थुंकी साठते आणि दर दोन गाण्यांनी चावी दाबून ती काढून टाकावी लागते. त्या वळणात पट्टी चिकटवली की काम झालं. मी आबांना विचारलं.

"सूर बदलणार नसंल तर लाव," आबा म्हणाले. "माणसं बदलली तरी चालत्यात."

एकवीस वाद्यं, एकवीस पट्ट्या, एकवीस सह्या. नऊ नंबरपुढं नाव होतं नामदेव वायदंडे.

नामाकाका म्हणजे माझं लहानपणीचं दैवत. पोटाशी ते भलंमोठं युफोनियम धरून ते गाल असे फुगवायचे, की पुढच्या रांगेतली पोरं मागं सरकायची. वरच्या सुराला डोळे मिटायचे, कपाळाची शीर टरारायची, गाणं संपलं की भिंतीला टेकून धापा टाकायचे. बायका त्यांना पाणी आणून द्यायच्या, म्हातारी माणसं पाया पडायची. आठवीत 'माझा आवडता कलावंत' या निबंधात मी त्यांच्यावरच लिहिलं होतं आणि तालुक्यात पहिली आले होते.

म्हणून मी मिळेल त्या गाडीनं तासगाव गाठलं. आबा बँडच्या खोलीत चिंचेनं ट्रंपेट घासत बसले होते.

"आबा, नामाकाकांना आजच्या आज डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. त्यांच्या थुंकीत खराब लक्षणं आहेत."

आबांचा हात थांबला. "कुणाच्या?"

"नामाकाकांच्या. नऊ नंबर. तीन आठवडे सारखी वाढतायत."

आबांनी ट्रंपेट खाली ठेवलं, उठून दार लावलं आणि माझ्यासमोर पाटावर बसले. दत्तक मुलाला खरं सांगताना बाप जसा आवाज काढतो, तसा त्यांनी काढला.

"पोरी, तू आता मोठी झालीस. नामा डमी हाय."

मला कळेना. आबांनी समजावलं. लग्नघर एकवीस माणसांचा बँड ठरवतं. खरे वाजवणारे चौदा. उरलेले सात ड्रेस घालून, वाद्य धरून, नुसते गाल फुगवत चालतात. उत्साहाच्या भरात फुंकर जाऊन बेसूर निघू नये, म्हणून त्यांच्या वाद्यात कापडाचा बोळा कोंबलेला असतो. हे सगळ्या बँडांत चालतं, आणि स्वतःच्या घरच्यांनाही सांगायचं नाही असा धंद्याचा नियम आहे. सहा पट्ट्या पहिल्या दिवसापासून कोरड्या होत्या आणि मी त्या बिघडलेल्या धरल्या होत्या, त्याचा उलगडा झाला.

"मग वाजवत कोण होतं?" मी विचारलं.

"सदा. नामाच्या मागं असतोय बघ."

"तो बारीक? चष्मा सारखा करणारा?"

"त्योच. दिसायला बरा न्हाई म्हणून मागं."

तालुक्यात पहिला आलेला निबंध माझ्या डोळ्यांसमोरून हळूहळू चालत गेला. मग मला मूळ मुद्दा आठवला.

"आबा, पण पट्टी ओली आहे. रोज ओली होते."

"व्हायचं कारण न्हाई."

नऊ नंबर त्या दिवशी डाग काढायला म्हणून बँडच्या खोलीतच आलेलं होतं. आबांनी त्याच्या पोटात हात घालून बोळा बाहेर काढला. तो ओला होता. 

आता प्रश्न साधा होता. या वाद्यात कुणीतरी फुंकत होतं, आणि जो कुणी फुंकत होता, त्याच्याकडं वेळ थोडा होता.

बोळा परत कोंबून, नऊ नंबर घेऊन मी नामाकाकांच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात तुळस, आणि चुलीपाशी हौसाकाकी. काकी वर्षातून चार वाक्यं बोलतात असं गावात म्हणत. एरवी बोट मिश्रीच्या डबीत, डबीतलं बोट तोंडात, आणि नजर कामात. त्यांनी मला चहा दिला. काकांना मी सगळं सांगितलं.

"मी तर फुंकत न्हाई," काका खाली बघत म्हणाले. "चहावरसुद्धा फुंकत न्हाई. गार होईस्तवर थांबतो."

"मग आणखी कोण हात लावतं वाद्याला?"

"कोण न्हाई." काकांनी चहा बशीत ओतला. "ज्याची थुंकी हाय, त्याला काय हुतंय पुढं?"

"आत्ता सापडलं तर लहानसं ऑपरेशन, माणूस बरा. वर्षभर तसंच राहिलं तर जबडा काढावा लागतो. कधीकधी त्यानंही भागत नाही."

चुलीपाशी एक पेला पडला. काकी तो उचलायला वाकल्या त्या बराच वेळ वर आल्या नाहीत. काकांनी बशी खाली ठेवली.

"मीच फुंकतो," ते म्हणाले. "चोरून. कवा जायचं डॉक्टरकडं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सांगलीला. डॉक्टर शबाना इनामदारांनी काकांचं तोंड आरशानं, दिव्यानं, बोटानं, सगळ्या बाजूंनी तपासलं.

"एकोणसाठाव्या वर्षी असं तोंड मी फक्त पुस्तकात बघितलंय," त्या म्हणाल्या. "सुपारीसुद्धा नाही?"

"न्हाई."

"मग तुम्हाला काही झालेलं नाही, काका. जा घरी."

काका खुर्चीतून उठेनात. "पण गोळ्या द्या की."

"कसल्या?"

"त्याच रोगाच्या. महिन्याभराच्या एकदम द्या. सारखं यायला जमत न्हाई."

"अहो, तुम्हाला तो रोग नाही."

"असू दे. दिल्यात म्हणून कुठं बिघडतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. रोग नाही असं कळल्यावर इतका खचलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून बसले ते कवठेएकंदपर्यंत तसेच.

तिथं मी फोन काढला आणि माझी चूक मला दिसली. मी तारखा बघत होते, वेळ नाही. लग्नाच्या वराती सकाळी नाहीतर संध्याकाळी. नऊ नंबरची पट्टी मात्र ओली होत होती दुपारी अडीच वाजता. अडीचला आमचा अख्खा बँड परक्यांची जिलेबी खाऊन झोपलेला असतो. आणि वरात नसेल त्या दिवशी नामाकाका अडीचला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, अंगठा लावून, स्वेटर घालून, कामावर असतात.

युफोनियम मात्र घरी असतं.

दुसऱ्या दिवशी अडीचला मी त्यांच्या दाराशी उभी राहिले. दार लोटलेलं. आतून रांजणात कुणी गुणगुणावं तसा खोल, दाबलेला आवाज येत होता. सूर ओळखीचा होता, जात्यावरच्या ओवीचा. खिडकीच्या फटीतून पाहिलं. हौसाकाकी पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, मांडीवर युफोनियम, डोळे मिटलेले. उजवा गाल छान फुगत होता. डावा त्या जपून आत धरत होत्या.

मी दार ढकललं. काकी दचकल्या नाहीत.

"ये," त्या म्हणाल्या. "लोट त्ये दार."

"कधीपासून, काकी?"

"नऊ वर्सं झाली. ह्यांचं नुसतंच पडून असायचं. घासता घासता एकदा फुंकलं. बरं वाटलं."

"शिकवलं कुणी?"

"घंटागाडीनं. रोज सकाळी तेच गाणं वाजवत जाती. ऐकून ऐकून बसवलं. एकदा बोळा काढून वाजवलं, तर आळीतल्या समद्या बाया कचऱ्याच्या बादल्या घेऊन बाहेर. भर दुपारी. पाटलीणबाई तर पळत आल्या. तवापासनं बोळा काढला न्हाई."

काकींचं वर्षाचं बोलणं एका बैठकीत झालं होतं. मी फोनचा दिवा लावला. "तोंड उघडा."

डाव्या गालात, जिथं मिश्री तासन्‌तास बसून राहते, तिथं बोराएवढा चट्टा होता. पांढरा, मध्ये लाल.

"दुखतंय?"

"तिखट सोसत न्हाई. मला वाटलं मिरचीच बदलली. मिरचीवाल्याशी भांडून आले."

"काकी, उद्याच सांगलीला जायचं."

"म्या न्हाई यायची."

"का?"

"कळलं कसं, म्हणून लोक इचारतील. मग वाद्याचं सांगावं लागंल, म्हंजे ह्यांचं बी निघंल. बायको वाजवती आन नवरा नुसता गाल फुगवतोय म्हणतील. लोक पाया पडत्यात गं त्यांच्या. त्यांच्याजवळ तेवढंच हाय."

मी काही बोलणार तोच मागून सावली आली. नामाकाका दारात उभे होते, उन्हाळ्यात स्वेटर घालून. काम टाकून आले होते. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. गोळ्या कुणासाठी हव्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

"हौसे," ते म्हणाले, "तू गेल्यावर लोक माझ्या पाया पडले, तर त्या पायांचं मी काय करू?"

 काकींनी युफोनियम ट्रंकेवर ठेवलं आणि पदर डोक्यावर घेतला. त्यांच्यात याला होकार म्हणतात.

सांगलीच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरच्या मुलीनं ठरलेले प्रश्न विचारले. "त्रास कधीपासून? कुणी पाठवलं?"

काकांनी घसा साफ केला आणि चारचौघांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून पूर्ण ताकदीनं आवाज निघाला.

"माझं नाव नामदेव वायदंडे. मी बँडमधला डमी. अकरा वर्सं एक सूर वाजवलेला न्हाई. वाजवती ही, माझी मालकीण. हिच्याच थुंकीनं रोग सापडला. लिहा."

रांगेत तासगावची दोन माणसं होती. संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला कळलं. याचा परिणाम काय व्हावा, तर त्या आठवड्यात तीन लग्नघरांनी फोन करून 'तो प्रसिद्ध डमी' खास मागितला.

आबांना मीच सांगितलं. 

"बाई वाजवती?"

"हो."

"कुठल्या पट्टीत?"

तपासणीत तेच निघालं, पण अगदी सुरुवातीचं. गाठी नाहीत, पसरलेलं नाही. डॉक्टर इनामदारांनी चट्टा आणि भोवतालचा थोडा गाल काढला, मांडीची कातडी लावून शिवला, आणि सांगितलं की विजेचा शेकसुद्धा लागणार नाही. मिश्री तेवढी कायमची बंद.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून कुणाकुणाचे आभार मानावेत याचा मी विचार केला, आणि यादी भलतीकडंच जायला लागली. पट्टी चांगली होती, पण तिच्यावर पुरुषाचं नाव लिहिलं होतं, तेही मीच. आळीत तपासणीचं शिबिर भरलं असतं तर काकी गेल्या नसत्या. पन्नास वर्षांत त्यांनी डॉक्टरपुढं तोंड उघडलेलं नव्हतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, नामाकाका खरोखर वाजवणारे असते, तर त्यांची निरोगी थुंकी काकींच्या थुंकीत मिसळली असती, ती प्रथिनं पातळ झाली असती आणि माझ्या पट्टीनं सगळं ठीक असल्याचं कळवलं असतं. नमुना शुद्ध राहिला, कारण माणूस खोटा होता. बायकोनं नवऱ्याचं उष्टं खायची आपल्याकडं रीत. इथं नऊ वर्षं नवरा बायकोच्या उष्ट्या वाद्याला ओठ लावून मिरवत होता, आणि नुसतेच लावत होता. तालुक्यात पहिला आलेला तो निबंध मी मनातल्या मनात परत घेतला नाही. उलट, मार्क कमीच पडले होते असं मला वाटायला लागलं.

कंपनीत मी अहवाल दिला. साहेबांनी 'डमी' या शब्दाखाली दोनदा रेघ मारून विचारलं की हे शास्त्रीय भाषेत कसं लिहायचं. अजून ठरलेलं नाही. आळीतल्या बायका मात्र पावसाळाभर दुपारी काकींच्या घरी येऊन आबांची जुनी वाद्यं, प्रत्येकीची वेगळी पट्टी लावून, फुंकून जात होत्या. तपासणीला म्हणून एकही आली नसती. फुंकायला सतरा आल्या. त्यातल्या एकीला मी सांगलीला नेऊन आणलं. तीही आता बरी आहे आणि फार बेसूर वाजवते.

खंडेनवमीला बँडची सगळी वाद्यं खोलीत मांडून पूजा असते. या वर्षी काकींनी माझ्याकडं पट्टी मागितली. मला वाटलं बघायची असेल. त्यांनी ती पाटावर ठेवली, हळद वाहिली, वर चिमूटभर कुंकू आणि अक्षता. केसाहून बारीक अशा नळ्या एका दमात तुंबल्या. नवा नमुना होता, सहा महिन्यांचं काम. मी हात जोडले.

मग आबांनी नऊ नंबर उचलून काकींच्या मांडीवर दिलं. डॉक्टरांनी आदल्या आठवड्यात फुंकायची परवानगी दिली होती, पण गाल साथ देईल की नाही हे त्यांनाही सांगता आलं नव्हतं. बँडची सगळी माणसं सतरंजीवर बसलेली. सदानं चष्मा सारखा केला. काकांनी पुढं येऊन बोळा काढला आणि खिशात ठेवला.

काकींनी ओठ लावले आणि फुंकलं. डाव्या बाजूनं नुसती हवा गेली. फुस्स.

पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. शिवलेल्या गालाला जोर नव्हता, तो लटलटत होता.  काकींनी वाद्य खाली ठेवायला घेतलं.

नामाकाका त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. अकरा वर्षं गाल या एकाच विषयाचा त्यांनी अभ्यास केलेला. त्यांनी काकींच्या डाव्या गालावर आपला तळवा ठेवला, बोटं कानामागं, अंगठा ओठाच्या कोपऱ्याशी, आणि अगदी बेतानं दाबून धरलं. एकवीस माणसांसमोर. आमच्या गावात नवराबायको रस्त्यानं चार पावलं अंतर ठेवून चालतात.

"फुंक," ते म्हणाले.

काकींनी फुंकलं, आणि सूर निघाला. रुंद, भरलेला, बोळ्याशिवायचा. खिडकीची तावदानं थरथरली. काकींच्या डोळ्यांतलं पाणी काकांच्या बोटांवरून मनगटाकडं गेलं, पण त्यांनी हात काढला नाही, आणि काकींचा श्वास संपेपर्यंत तो सूर चालू राहिला.

आबा वर पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता. सूर अर्ध्या पट्टीनं उतरलेला होता, आणि दुरुस्त कर म्हणून आबांनी सांगितलं नाही.